न शिकवलेल्याचे गुण

संगीताच्या पदवीसाठी विद्यापीठात नाव दाखल केलेला विद्यार्थी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी पियानोच्या खासगी शिकवणीला जातो, असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या मनात दोन शंका येतात. पोरगा कच्चा असावा, म्हणून वर्गातले झेपत नाही. किंवा पोरगा फार हौशी असावा, म्हणून वर्गातले पुरत नाही. तिसरी शक्यता सहसा कुणाला सुचत नाही, आणि पुष्कळदा खरी असते ती तीच : वर्गात त्याला पियानो शिकवतच नाहीत. संगीताचा इतिहास शिकवतात, हार्मनी आणि काउंटरपॉइंट शिकवतात, बाखच्या फ्यूगची चिरफाड कशी करावी ते शिकवतात. पियानो मात्र त्याने आपला आपण, आपल्या पैशाने आणि आपल्या वेळात शिकायचा असतो. इथवरही आमची तक्रार नाही. तक्रार पुढे आहे. वर्षअखेरीस हेच विद्यापीठ त्याला मंचावर बसवते, समोर दोन परीक्षक बसतात, आणि विद्यापीठाने जे शिकवले नाही त्याचे गुण विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत, विद्यापीठाच्या शिक्क्यासह जमा होतात.

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे, तेव्हा आमची ओळख थोडक्यात सांगणे भाग आहे. आमच्यापैकी एकाने इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात संगीताची पदवी घेतली, आणि ती तीन वर्षे दर गुरुवारी बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एका वृद्ध बाईंकडे पियानोचे धडे घेतले. दुसरीने महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठातून कंठसंगीतात एम. ए. केले, आणि ती दोन वर्षे आठवड्यातून तीनदा गुरुजींच्या घरी बसून ख्याल शिकला. आमच्या विषयांत साम्य नाही, वाद्यांत नाही, देशांत तर नाहीच. पण एकदा सहज दोघांच्या गुणपत्रिका शेजारी ठेवल्या तेव्हा ध्यानात आले, की दोघांनाही सर्वांत जास्त गुण ज्या विषयात मिळाले तो विषय आमच्या विद्यापीठांनी आम्हांला शिकवलेलाच नव्हता.

पियानोची शिकवणी म्हणजे नेमके काय, हे ज्याने ती घेतली नाही त्याला सांगणे कठीण आहे, पण सांगितल्याशिवाय आमचे म्हणणे उभे राहणार नाही. आमच्यापैकी जो इंग्लंडला गेला तो वांद्र्याच्या एका गोवेकर बाईंकडे शिकलेला होता. लंडनहून येणाऱ्या परीक्षकासमोर त्याने आठवी श्रेणी पार केली होती आणि त्याचा त्याला थोडा ताठाही होता. नव्या बाईंनी पहिल्या दिवशी त्याला एकही रचना वाजवू दिली नाही. एक सुरावट हळू वाजवायला सांगितली आणि ती संपल्यावर म्हणाल्या, "तुझा अंगठा ऐकू येतो." पियानोवर सुरावट चढताना अंगठा इतर बोटांच्या खालून सरकून पुढची पट्टी घेतो, त्या क्षणी मनगट किंचित खचते आणि तेवढा एक स्वर बाकीच्यांपेक्षा जड पडतो. दहा वर्षे वाजवूनही हे त्याच्या कानावर आले नव्हते. तो अंगठा 'ऐकू न येण्यासाठी' सहा आठवडे लागले.

मग पेडल. नवशिक्याला वाटते की पेडल हे स्वर लांबवण्यासाठी असते, आणि तो नवा स्वरमेळ वाजवताना त्याच्याबरोबरच पाय दाबतो. पाय उचलायचा असतो नव्या स्वरमेळाच्या क्षणी आणि पुन्हा दाबायचा असतो त्यानंतर, कणभर उशिरा. तरच मागचा स्वर पुढच्यात मिसळून गढूळ होत नाही. हा 'कणभर' म्हणजे किती, ते खोलीगणिक बदलते, वाद्यागणिक बदलते. पुस्तकात ते लिहिलेले असते आणि वर्गात पन्नास जणांना एका दमात सांगताही येते. करवून घेता येते ते एकालाच, त्याच्या शेजारी बसून, त्याचा पाय आणि आपला कान एकाच वेळी कामाला लावून. शोपाँच्या दहाव्या ओपसमधला दुसरा एत्यूद घ्या. उजव्या हाताची तिसरी, चौथी आणि पाचवी, म्हणजे सर्वांत दुबळी बोटे त्यात अर्ध्या-अर्ध्या स्वरांची अखंड माळ ओवतात, आणि त्याच हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने खाली स्वरमेळांचे ठोके द्यायचे असतात. हा एत्यूद चुकीच्या ताणाने महिनाभर घटवला तर हात कायमचा दुखावू शकतो. तो ताण कुठे धरला आहे हे वाजवणाऱ्याला कळत नाही. शेजारी बसलेल्याला खांद्याकडे पाहून कळते.

शोपाँ स्वतः खासगी शिकवण्यांवरच जगला. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत त्याने कधी पद घेतले नाही; धड्याचे वीस फ्रँक विद्यार्थी शेकोटीवरच्या फळीवर ठेवून जात. नवशिक्याला तो सगळ्यांना सोपी वाटणारी सी मेजरची सुरावट आधी देत नसे. बी मेजर देई, कारण तिथे लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर आपोआप पडतात आणि हात आपला नैसर्गिक आकार धरतो. सी मेजर सर्वांत शेवटी, सर्वांत अवघड म्हणून. हाताकडे पाहून अभ्यासक्रम ठरवण्याची ही रीत आहे. विद्यापीठात अभ्यासक्रम आधी ठरतो आणि हात नंतर येतो.

विद्यापीठातला विद्यार्थी आणि बाहेरची पियानोची शिकवणी ही जोडी काही आजची नाही. रॉबर्ट शुमान १८२८ साली लाइपझिगच्या विद्यापीठात कायदा शिकायला गेला आणि तिथे कायद्याऐवजी फ्रीडरिश व्हीक यांच्याकडे पियानो शिकू लागला. पुढे १८३० मध्ये तर त्यांच्याच घरी राहायला गेला. त्याचा उजवा हात निकामी झाला तो बोटे बळकट करण्याच्या एका यांत्रिक साधनामुळे की आणखी कशाने, याबद्दल चरित्रकारांत एकमत नाही. पुढे व्हीक यांच्या मुलीशी लग्न करण्यासाठी त्याला त्यांच्याविरुद्ध कोर्टात जावे लागले, पण तो वेगळा विषय. आमच्याकडचे उदाहरण द्यायचे तर प्रभाताई अत्रे. त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली, कायद्याची घेतली, आणि गाणे शिकल्या त्या सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे. या दोन्ही उदाहरणांत कुणाचीच फसवणूक नाही. लाइपझिगने शुमानला पियानोचे गुण दिले नाहीत आणि कायद्याच्या महाविद्यालयाने प्रभाताईंच्या ख्यालाचे. ज्याने शिकवले त्याचे श्रेय त्याच्याकडे राहिले. पुढे प्रभाताई एस. एन. डी. टी. विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या, म्हणजे घरात मिळालेली विद्या त्यांनी विद्यापीठात आणली. त्यासाठी विद्यापीठाने त्यांना वेतन दिले, हे महत्त्वाचे.

याउलट ज्या संस्थांनी वादन शिकवायचे ठरवले त्यांनी ते पत्करले आणि त्याचा खर्चही पत्करला. पॅरिसची कॉन्झर्व्हेटरी १७९५ साली स्थापन झाली ती विनामूल्य शिक्षणासाठी. (तिथे १८२३ साली बारा वर्षांच्या लिस्टला परदेशी म्हणून प्रवेश नाकारला गेला आणि त्याला बाहेर शिकवण्या लावाव्या लागल्या. नियमांची शोभा ही अशी.) मॉस्कोच्या कॉन्झर्व्हेटरीत हाइनरिश नॉयहाउस यांचा वर्ग भरत असे. एक विद्यार्थी वाजवी, बाकीचे भिंतीला टेकून ऐकत. त्या खोलीतून गिलेल्स आणि रिख्टर बाहेर पडले. जर्मनीत तर दोन दारेच वेगळी आहेत. संगीतशास्त्र शिकायचे तर विद्यापीठात जा, वाजवायला शिकायचे तर संगीताच्या होखशूलमध्ये जा. तिथे वैयक्तिक धडा हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो आणि बहुतेक राज्यांत त्याचे शिक्षणशुल्क पडत नाही. या पद्धतीत दोष आहेत, पण कोण काय शिकवतो आणि कशाचे गुण देतो याबद्दल संदिग्धता नाही.

संदिग्धता आहे ती मधल्या जातीत. अमेरिकेत या वैयक्तिक धड्याला 'अप्लाइड म्युझिक' असे भारदस्त नाव आहे, त्याला श्रेयांक आहेत, आणि अनेक ठिकाणी शिक्षणशुल्काच्या वर त्याचे निराळे शुल्क आहे. खानावळीने ताटाचे पैसे घ्यावेत आणि पोळीचे वेगळे लावावेत, तसे. तरी तिथे पोळी खानावळच करते. इंग्लंडमधल्या कित्येक विद्यापीठांत पोळी घरून आणायची असते. २०२५-२६ या वर्षी तिथला देशी विद्यार्थी पदवीसाठी वर्षाला ९,५३५ पौंडांपर्यंत शुल्क भरतो. परदेशातून आलेल्याचे विचारूच नका. एवढे भरल्यावर वादनाच्या धड्यांसाठी काही विभाग ठरावीक रक्कम हातावर ठेवतात, काही ठेवत नाहीत. आमच्या विभागाने ठेवलेली रक्कम चार धड्यांत संपली. पाचव्या धड्यापासून पाकिटात घालायचे पैसे एका उपाहारगृहात बश्या विसळून यायचे. गरम पाण्यात तासन् तास बुडालेल्या हातांनी पियानो कसा वाजतो, याच्यावर कुणी प्रबंध लिहिलेला नाही.

त्याच वर्गात एक मुलगा होता. घरी ग्रँड पियानो, सातव्या वर्षापासून तोच शिक्षक, आणि पदवीच्या काळातही दर शनिवारी लंडनला जाऊन दीड तासाचा धडा. मुलगा मनाचा चांगला होता आणि वाजवतही चांगला होता. अंतिम वादनात त्याला पहिला वर्ग मिळाला, योग्यच मिळाला. आमचा प्रश्न इतकाच, की ते गुण विद्यापीठाने त्याच्या कोणत्या शिक्षणाला दिले? व्याख्यानांत आम्ही शेजारी बसत होतो, ग्रंथालयही तेच होते. फरक जो होता तो सगळा विद्यापीठाच्या दारांबाहेर घडला होता आणि त्याचे मोल बापाच्या पाकिटातून गेले होते. ते पाकीट विद्यापीठाने तपासले, त्याला गुण दिले आणि त्या गुणांना विद्वत्तेचे नाव दिले.

यावर उत्तर येते ते आम्हांला पाठ आहे. विद्यापीठाचे काम विचार करायला शिकवणे, बोटांचा व्यायाम करवून घेणे नव्हे. मान्य. मग वादनाची परीक्षा कशाला घेता? लंडनच्या परीक्षामंडळांवर पुष्कळ टीका करता येईल. १८८९ पासून चालत आलेले एक मंडळ सहावी श्रेणी देण्याआधी पाचवीची लेखी परीक्षा पुढे ठेवते, आणि मुंबई-गोव्याच्या कितीतरी मुलांचे बालपण तीन-तीन रचना वर्षभर घोटण्यात गेले आहे. परंतु मंडळ कधी म्हणत नाही की आम्ही शिकवतो. ते परीक्षा घेते, परीक्षेचे पैसे घेते आणि आठ श्रेणींचे कागद देते. आमच्याकडे प्रवेशिकेपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांचाही व्यवहार पुष्कळसा असाच उघडा आहे. विद्यापीठाला मंडळ व्हायचे असेल तर त्याने मंडळाइतके शुल्क घ्यावे.

दुसरे उत्तर पैशाचे. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला एक तास द्यायचा हे विद्यापीठाला परवडत नाही. हे उत्तर खोटे नाही. बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले, की कारखान्यात तासाचे उत्पादन वाढत जाते, पण चार वादकांची रचना वाजवायला पूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो. म्हणून कलेचा खर्च इतरांच्या तुलनेत चढतच राहतो. पियानोचा धडा तर त्याहून हट्टी. पण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जे द्रव्य जळते ते कुणी विद्यार्थ्याला घरून आणायला सांगत नाही, आणि शल्यक्रियेचा विद्यार्थी दर गुरुवारी बसने जाऊन टाके घालायला शिकत नाही. महाग आहे म्हणून अभ्यासक्रमातून काढून टाकायचे, तर गुणपत्रिकेतूनही काढावे लागेल.

आता आमच्या घराकडे वळतो, कारण इथे बसून इंग्रजांवर तोंडसुख घेणे सोपे आहे. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला विद्यालय काढले, भातखंड्यांच्या प्रयत्नाने १९२६ साली लखनौचे महाविद्यालय सुरू झाले, आणि तेव्हापासून संगीताच्या वर्गांचे एक समर्थन ऐकू येते : आमच्या विद्यालयांतून तानसेन नव्हे, कानसेन तयार होतील. समर्थन प्रामाणिक होते. जाणता श्रोता घडवणे हे केवढे मोठे काम आहे! मात्र आमच्या विद्यापीठांनी कानसेनाच्या अभ्यासक्रमाला तानसेनाची परीक्षा जोडली. नव्या श्रेयांक-पद्धतीत एका सत्रातले तीस तासांचे प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक. चार श्रेयांकांचे प्रात्यक्षिक धरले तर एकशेवीस तास. वर्गात पंधरा विद्यार्थी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सत्रभरात आठ तास येतात, तेही प्राध्यापक एकदाही रजेवर गेले नाहीत तर. गुरुजींकडे आठवड्याला तीन दिवस, दर वेळी दीड तास. हे आठ तास तिथे पंधरवडा पुरा व्हायच्या आत होत. दुसऱ्याचे गाणे ऐकत बसण्यातही शिक्षण असते, हे आम्ही नॉयहाउस यांच्या खोलीबद्दल लिहिलेच आहे. पण तिथे आळीपाळीने प्रत्येकाचे वाजवणे पुरेसे व्हायचे.

एम. ए.च्या मंचप्रदर्शनाच्या दिवशी विभागप्रमुखांनी परीक्षकांना सांगितले, "आमची विद्यार्थिनी." गुरुजी मागच्या रांगेत बसले होते. विभागात पाऊल ठेवण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. त्यांच्याकडे पदवी नव्हती, तेव्हा तिथे शिकवण्याचा प्रश्नच नव्हता. २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीची अट शिथिल करून 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नेमण्याची मुभा दिली आहे, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत. गुरुजींना त्याचा उपयोग होण्याची वेळ टळून गेली होती. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने 'गुरुकुल' हा शब्द नावाशी जोडून गुरूकडची तालीम पदवीच्या आत आणण्याचा विचार केला, आणि कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीने १९७७ पासून उस्ताद-पंडितांना आवारात घरे देऊन शिष्यांना विद्यावेतन दिले. ती अकादमी एका सिगारेट कंपनीच्या पैशावर उभी आहे याची गंमत वाटते खरी, पण विद्यापीठांनी जे केले नाही ते तिने केले.

खासगी शिकवणीचे गोडवे गाणे हा आमचा उद्देश नाही. तिच्यात एक मोठे सुख आहे, ते निवडीचे. देवधर मास्तर पलुस्करांच्या परंपरेत वाढले आणि मुंबईत स्क्रिंझी नावाच्या इटालियन संगीतज्ञाकडे पाश्चात्त्य संगीतही शिकले; कुणा विभागाने नेमून दिलेल्या एकाच शिक्षकाशी बांधले गेले असते तर हे घडते ना. पण बंद खोलीत एक मोठे माणूस आणि एक लहान, एवढाच जिथे व्यवहार, तिथे काय घडू शकते हे इंग्लंडच्या संगीतशाळांतली अत्याचाराची प्रकरणे २०१३ पासून एकामागून एक न्यायालयात आली तेव्हा जगाने पाहिले. त्या तर संस्था होत्या. तिथे निदान कुणाला तरी जाब विचारता आला. घरच्या शिकवणीत जाब विचारायला जागाच नसते, आणि आमच्याकडे गुरूविषयी तक्रार करणारा शिष्य कृतघ्न ठरतो. विद्यापीठ जेव्हा वादन बाहेरून शिकून यायला सांगते तेव्हा ते खर्चाबरोबर ही जबाबदारीही झटकते. कोणत्या घरात, कोणाकडे, कोणत्या अटींवर विद्यार्थी शिकतो आहे, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक करून घ्यायचेही नसते.

म्हणून आमची मागणी दोन पर्यायांची आहे. आठवड्याला एक तासाचा वैयक्तिक धडा प्रत्येक विद्यार्थ्याला विद्यापीठाने आपल्या खर्चाने द्यावा. शिक्षक विद्यार्थ्याने निवडावा, वेतन विद्यापीठाने द्यावे आणि त्या शिक्षकाचे नाव विभागाच्या यादीत असावे. हे जमणार नसेल तर वादनाचे आणि गायनाचे गुण पदवीतून वगळावेत, पदवी संगीतशास्त्राची म्हणून द्यावी, आणि ज्याला वाजवायचे त्याने वाजवावे. दुसरा पर्याय आम्हांला आवडत नाही. तरी आजच्या व्यवस्थेपेक्षा तो बरा वाटतो.

हे सगळे आम्ही दोघांनी आपापल्या जुन्या विभागांना लेखी कळवले होते. महाराष्ट्रातल्या पत्राला उत्तर आले नाही. इंग्लंडमधून तिसऱ्या दिवशी आले. माजी विद्यार्थ्यांच्या सूचनांचे विभाग नेहमीच स्वागत करतो, असे त्यात लिहिले होते. खाली कळवले होते की सभागृहासाठी नवा ग्रँड पियानो घेण्याचे ठरले असून निधी जमवणे चालू आहे, आणि देणगी किती पौंडांपासून स्वीकारली जाईल.